ब्रिकचा छोटा हत्ती: 26 तासांचे 200 रुपये

ब्रिक जोडून बनवलेल्या मोटरवाल्या ट्रकचा व्हिडिओ बघून खूप जणांनी एकच प्रश्न विचारला: "सर, यात पैसे आहेत का?" आहेत. पण पहिल्या ऑर्डरमध्ये मला 26 तासांचे 200 रुपये मिळाले. व्हिडिओत हे घाईत राहून गेलं, म्हणून आज हिशोबासकट लिहितो.

ऑर्डर कशी आली?

आमच्या खडवलीत पावसाळ्यात भातसा नदीवर गर्दी असते, तेव्हा दुकान चालतं. नंतर गिऱ्हाईक कमी. अशाच एका रिकाम्या दुपारी मी काउंटरवर ब्रिकचा ट्रक जोडत बसलो होतो. एक ट्रान्सपोर्टवाले काका आले, बघत राहिले आणि म्हणाले, "माझा छोटा हत्ती बनवून देशील? ऑफिसच्या टेबलावर ठेवायचाय. पण चालला पाहिजे हां!"

छोटा हत्ती म्हणजे टाटा एस. 2005 साली बाजारात आली आणि कितीतरी लोकांची कमाईची पहिली गाडी ठरली. काकांचीही तीच. मी जागेवर 4,500 रुपये सांगून टाकले. कागद न घेता, पेन न घेता. ही माझी पहिली चूक.

आधी माप

ब्रिकच्या दोन गुंड्यांमधलं अंतर 8 मिलिमीटर असतं. सगळं गणित त्यावर. खरी गाडी साधारण 3.8 मीटर लांब आणि 1.5 मीटर रुंद. सोळावा भाग घेतला तर लांबी सुमारे 238 मिलिमीटर, म्हणजे 30 गुंड्या. रुंदी 94 मिलिमीटर, म्हणजे 12 गुंड्या. चाक साधारण 30 मिलिमीटरचं. हे मी अर्धी गाडी झाल्यावर मोजलं! केबिन जाड झाली होती, सगळी उसकटावी लागली. सहा तास गेले.

मोटर आणि गिअर

पहिल्यांदा मोटर थेट चाकाच्या दांडीला जोडली. रिकामी गाडी सुसाट पळाली. काका म्हणाले, "माल भर." हौद्यात एक किलो साखरेची पिशवी ठेवली, गाडी जागेवर ठप्प.

कारण सोपं आहे. अशी मध्यम मोटर रिकामी असताना मिनिटाला साधारण 400 फेरे घेते, पण तिच्यात जोर कमी असतो. जोर हवा असेल तर वेग सोडावा लागतो. मोटरच्या दांडीवर 8 दातांचा गिअर आणि त्याला 24 दातांचा जोडला, की वेग एक तृतीयांश होतो आणि जोर जवळपास तिप्पट. घर्षणात थोडा जातो, तेवढा धरून चाला. अशा दोन जोड्या लावल्या की 3 गुणिले 3, म्हणजे नऊपट. चाक मिनिटाला 44 फेरे घेतं, गाडी सेकंदाला जेमतेम 7 सेंटीमीटर सरकते. पण साखर घेऊन सरकते!

तीन गोष्टी लक्षात ठेवा:

1. 8 आणि 24 दातांच्या गिअरच्या दांड्यांमध्ये बरोबर दोन गुंड्यांचं अंतर लागतं.
2. दांडीला दोन्ही बाजूंनी आधार द्या. माझ्या सांगाड्याला एकाच बाजूने होता. वजन आलं की सांगाडा वाकायचा, दात सुटायचे आणि टकटक आवाज यायचा.
3. सहा पेन्सिल सेल म्हणजे 9 व्होल्ट. चार्जिंगचे सहा सेल म्हणजे 7.2 व्होल्ट. गाडी थोडी हळू चालते. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा.

आणि रिमोट! माझा इन्फ्रारेड होता. दुकानात मस्त चालला. काकांना दाखवायला बाहेर उन्हात नेला, गाडी हलेना. कडक उन्हात इन्फ्रारेडचा सिग्नल दबतो. बाहेर चालवायची असेल तर ब्लूटूथचा घ्या.

आता खरा हिशोब

- सुटे ब्रिक आणि प्लेट: 1,400
- मोटर, बॅटरी बॉक्स, रिमोट: 1,900
- चाकं, गिअर, दांड्या: 500
- वाया गेलेले भाग: 350
- क्रॉफर्ड मार्केटच्या तीन फेऱ्या: 150

एकूण 4,300. मिळाले 4,500. उरले 200. वेळ 26 तास, म्हणजे तासाला आठ रुपयेसुद्धा नाहीत. स्वतःच्या तासाला 100 रुपये धरले, तर मी 2,400 रुपयांनी खड्ड्यात. बायकोने विचारलं, "एवढे रात्री जागलास, काय मिळालं?" मी गप्प.

पण त्या 26 तासांत एक वस्तू तयार झाली होती: डिझाईन. प्रत्येक पायरीचे फोटो आणि भागांची यादी वहीत होती. काकांच्या ओळखीतून दुसरी ऑर्डर आली, तीच गाडी 9 तासांत झाली. माल 3,800, वाया आणि प्रवास 150, मजुरी 900. एकूण 4,850. किंमत सांगितली 6,500. मजुरी सोडून 1,650 उरले.

गिऱ्हाइकाने घासाघीस का केली नाही? कारण गाडीवर त्यांचाच नंबर होता आणि पुढच्या काचेवर "आईचा आशीर्वाद". तयार खेळणं दुकानात मिळतं, स्वतःची गाडी मिळत नाही. लोक त्याचे पैसे देतात.

कायदा विसरू नका

ब्रिकचं पेटंट 1958 चं, ते कधीच संपलं. म्हणून जुळणारे ब्रिक बऱ्याच कंपन्या बनवतात. पण लेगो हे नाव एका कंपनीचं आहे. दुसऱ्यांच्या ब्रिकच्या मालावर ते लिहू नका. गाडीच्या कंपनीचा लोगोही परवानगीशिवाय लावू नका.

दुसरं, 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. मुलांसाठी बनवून विकायचं असेल तर आधी बीआयएसकडे चौकशी करा. मी मुलांना फक्त मार्कवाले सीलबंद बॉक्स विकतो. माझ्या हातची गाडी मोठ्यांच्या टेबलासाठी, शोपीस म्हणून, आणि बिलावर तसं लिहून. छोटे भाग लहान मुलाच्या घशात अडकू शकतात, त्यामुळे इथे "चालतंय हो" चालत नाही.

गृहपाठ

तुमची कोणतीही एक वस्तू घ्या, केक, पिशवी, तोरण, काहीही. मोबाईलवर वेळ लावून बनवा. माल, वाया गेलेलं, प्रवास आणि तुमचे तास, चार ओळी लिहा. मग किंमत ठरवा. आकडा बघून पोटात गोळा आला तर घाबरू नका, माझ्याही आला होता. फक्त पुढचं गिऱ्हाईक दारात यायच्या आत तो कागद तयार ठेवा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!