केमोथेरपीजन्य मज्जातंतूविकृतीत ॲक्युपंक्चरचे स्थान

कर्करोगावरील पॅक्लिटॅक्सेल, सिस्प्लॅटिन, ऑक्झॅलिप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टीन, बोर्टेझोमिब ही औषधे हातापायांच्या मज्जातंतूंना इजा करतात. बोटांच्या टोकांपासून मोजे-हातमोजे घातल्याप्रमाणे बधिरता, मुंग्या, दाह व वेदना वर चढत जातात. प्लॅटिनमयुक्त औषधांची लक्षणे उपचार थांबल्यावरही काही महिने वाढू शकतात. सुश्रुतोक्त पादहर्ष व पाददाह यांच्याशी लक्षणसाम्य असले तरी हेतू निराळा आहे, याचे भान ठेवावे.

संशोधन काय सांगते?
२०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७५ रुग्णांचे खरे ॲक्युपंक्चर, आभासी ॲक्युपंक्चर व नेहमीची शुश्रूषा असे तीन गट केले होते. आठ आठवड्यांनंतर नेहमीच्या शुश्रूषेच्या तुलनेत खऱ्या ॲक्युपंक्चरने वेदना कमी झाल्या. परंतु आभासी उपचाराहून त्याचे श्रेष्ठत्व निःसंशय ठरले नाही. प्रतिबंधाविषयीचा अनुभव उलट आहे. पॅक्लिटॅक्सेल घेणाऱ्या स्तनकर्करोगाच्या ६३ स्त्रियांवरील २०१६ च्या अभ्यासात विद्युत-ॲक्युपंक्चरने विकृती टळली नाही. उलट नंतरची सुधारणा मंदावली. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० च्या मार्गदर्शिकेत वेदनेसाठी केवळ ड्युलोक्सेटिनची शिफारस केली. ॲक्युपंक्चरची केली नाही.

तात्पर्य, केमोथेरपी चालू असताना प्रतिबंधक म्हणून हा उपचार सुचवू नये. विकृती प्रस्थापित झाल्यावर वेदनाशमनार्थ पूरक उपचार म्हणूनच त्याचा विचार व्हावा.

दक्षता
१) नवी बधिरता आढळताच रुग्णास कर्करोगतज्ज्ञांकडे पाठवावे. औषधाची मात्रा कमी करणे वा ते थांबवणे हा निर्णय त्यांचाच. आपण लक्षण दडपल्यास तो लांबतो.
२) मधुमेह व बी-१२ ची न्यूनता यांचा विचार आधी करावा.
३) पांढऱ्या पेशी वा प्लेटलेट लक्षणीय घटल्या असता सुई टोचू नये. लसिकाशोथ असलेला हात वर्ज्य. सुया निर्जंतुक व एकदाच वापरण्याच्या असाव्यात.
४) बधिर पायांना चटका कळत नाही, म्हणून स्वेदन, अग्निकर्म व गरम पाण्याचा शेक टाळावा.
५) विद्धकर्माशी बाह्य साम्य आहे, एवढ्यावर विसंबून विधिवत प्रशिक्षणाविना ॲक्युपंक्चर करू नये.

औषधविक्रेत्यांसाठी
‘नसांची ताकद’ म्हणून बी-६ च्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या दीर्घकाळ देऊ नयेत. अतिमात्रेत हेच जीवनसत्त्व मज्जातंतूंना इजा करते. असा रुग्ण काढा, भस्म वा गोळी मागण्यास आल्यास केमोथेरपी चालू आहे का, हे प्रथम विचारावे आणि त्याच्या तज्ज्ञांना कळविल्यावाचून काहीही देऊ नये.

पूरक चिकित्सेने मूळ उपचारास बाध येऊ नये, ही वैद्याची पहिली जबाबदारी होय.