'धीर' या शब्दाविषयी थोडेसे



याकोबाच्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात आपल्या मराठी शास्त्रात 'धीर' हा शब्द येतो. मूळ ग्रीक शब्द 'हुपोमोने'. 'खाली' आणि 'राहणे' अशी त्याची फोड आहे. भार अंगावर असताना जागा न सोडणे, हा भाव. त्याऐवजी 'सोसणे' म्हणावे, तर मान खाली घालून गप्प बसण्याचा अर्थ त्याला चिकटतो, विशेषतः स्त्रीच्या बाबतीत. मूळ शब्दात ती मुकाट शरणागती नाही. हे स्पष्ट व्हावे म्हणून शास्त्राबाहेरचे एक उदाहरण घेतो. ते महाभारत गाणाऱ्या बाईचे आहे, म्हणून कोणी बिचकू नये.

छत्तीसगडमधील भिलाई म्हटले की पोलादाचा कारखाना डोळ्यांपुढे येतो. त्या शहराजवळच्या गनियारी गावच्या पारधी कुटुंबातील तीजनबाई. आईचे वडील ब्रिजलाल पांडवांच्या कथा गात. त्या ऐकूनच नातीला पाठ झाल्या. या गायनाला पंडवानी म्हणतात. बसून गायची ती वेदमती शैली; आपल्या कीर्तनकाराप्रमाणे उभ्याने, अभिनयासह सादर करायची ती कापालिक. स्त्रीने गायचेच तर बसून गावे, असा रिवाज होता. तीजनबाई तेराव्या वर्षी चंद्रखुरी गावी उभ्या राहून गायिल्या. बिदागी मिळाली दहा रुपये.

बाराव्या वर्षीच त्यांचे लग्न झाले होते. बाई असून पंडवानी गाते, म्हणून समाजाने त्यांना वाळीत टाकले. त्यांनी लहानशी झोपडी बांधली, शेजाऱ्यांकडून भांडी व धान्य उसने आणले आणि गाणे चालू ठेवले.

येथे वाचकाने थांबून नकाराचे स्वरूप तपासावे. सूर कच्चा आहे असे कोणी म्हटले असते, तर रियाज वाढवणे हे त्याला उत्तर होते. असा नकार नम्रतेने ऐकावाच. परंतु 'तू बाई आहेस' या आक्षेपावर रियाज चालत नाही. तडजोड एकच होती, खाली बसून गाण्याची. ती त्यांनी केली नाही. त्यांच्या हातातील तंबुरा कधी भीमाची गदा होई, कधी अर्जुनाचे धनुष्य. बसून हे कसे साधावे?

पुढे नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीर यांनी त्यांचा गुण हेरला. देशविदेशांत कार्यक्रम झाले, भिलाईच्या कारखान्यात नोकरी मिळाली. १९९५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २००३ मध्ये पद्मभूषण आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण. मला मात्र या यादीपेक्षा झोपडीतील दिवस महत्त्वाचे वाटतात. तेव्हा यातले काहीच दिसत नव्हते.

वाळीत टाकणे मराठी ख्रिस्ती घरांना नवे नाही. भिलाईपासून जवळच असलेल्या राजनांदगावी काही काळ राहिलेले ना. वा. टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंशीही त्यांची काही वर्षे ताटातूट झाली. असे असूनही, एखाद्या मुलीने वेगळा व्यवसाय निवडला वा मंडळीबाहेर लग्न केले, की उपासनेनंतर तिच्याशी बोलणे टाळणारे आपल्यातही आढळतात.

गनियारीच्या गोष्टीत आणखीही काही माणसे आहेत. वाळीत टाकलेल्या मुलीला भांडे देणे त्या गावात सोपे नसणार. त्यांनी ते दिले, आणि धान्यही दिले.