टप आधी सांगाड्यावर मोजा

तुळजापूरचा घाट चढून वर आलं की मोकळा माळ लागतो. तिथं वारं आडवं लागतं. दोन वर्षांपूर्वी, मृग निघायच्या बेतात असताना, त्याच माळावर माझ्या जीपचा टप उडाला. आधी पुढच्या काचेवरची कड सुटली. कापड फुगून वर गेलं, मागच्या कमानीवर टर्रकन फाटलं आणि रस्त्यावर जाऊन पडलं. मागून मोटारसायकलवर एक जोडपं येत होतं, टाकीवर लहान लेकरू. त्या भावानं गाडी कडेच्या मातीत घातली म्हणून तिघं वाचले. माझी आई खाली उतरून त्या बाईचा हात धरून माफी मागत होती.

तो टप मीच शिवला होता आणि मीच बसवला होता. म्हणून हे मीच सांगायला हवं.

जीप वडिलांची, एमएम ५४०. महिंद्रांनी विलिज जीप आपल्याकडे जोडायला घेतली, तेव्हापासून पाइपाच्या कमानी आणि वर कापड ही रचना फारशी बदललेली नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर याच जीपमधून वडील सास्तूरकडे भाकरी आणि पाणी घेऊन गेले होते. वडील वारल्यावर ही गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावीशी वाटली नाही. टपही आपल्याच हातानं करायचा, असं मी ठरवलं. तो निर्णय आजही मला चुकीचा वाटत नाही. चूक झाली ती घाईत.

जुना टप रेक्झिनचा होता. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. त्या उन्हानं रेक्झिनवरच्या प्लास्टिकच्या थरातला मऊपणा निघून जातो, थर कडक होतो आणि घडीच्या जागी तडकतो. वळवाच्या एका गारपिटीत तो चिरला. आधी मी चिरेवर सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन लावून ठिगळ बसवलं. ते रबरासाठी असतं. रेक्झिनवर दोन दुपारी टिकलं आणि सुटलं. मग वर सिलिकॉन फासलं. त्यानंतर त्या जागी दुसरं काहीच चिकटेना. छोटी चीर दुरुस्त करायची असेल, तर पीव्हीसीला चालणारं चिकटद्रव्य घ्या, जागा आधी साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा आणि ठिगळाचे कोपरे गोल कापा. टोकदार कोपरा वाऱ्यानं उचकटतो. काम मोकळ्या हवेत करा, त्या द्रव्याचा वास डोक्यात जातो.

शेवटी नवा टप करायचा ठरला. ट्रकच्या ताडपत्रीला वापरतात तसलं जाड सुती कापड आणलं आणि एकामागून एक चार चुका केल्या.

पहिली चूक, जुना टप जमिनीवर पसरून त्याच्याच मापानं कापलं. वर्षानुवर्षं ताणलेलं कापड कुठं सैल, कुठं आखडलेलं असतं. त्याची चूक नव्यात उतरते. माप घ्यायचं ते कमानींवर. तेही कमानी सरळ आहेत का, हे बघून. माझी मधली कमान एका बाजूला वाकलेली होती, ते मला नंतर कळलं.

दुसरी चूक, कापड न भिजवता कापलं. सुती धागा पाण्यात जाड होतो आणि लांबीला आखडतो. धागा फुगून शिवणीची भोकं बुजतात, हा सुती कापडाचा मोठा गुण. पण कोरं कापड ताणून बसवलं, तर पहिल्याच पावसात ते आखडतं आणि सगळा जोर आयलेटवर येतो. माझं तसंच झालं. माळावर जायच्या आदल्या रात्री पाऊस झाला होता. पुढच्या कडेच्या दोन आयलेटभोवती कापड चिरलं होतं आणि मी ते न बघता निघालो होतो.

तिसरी चूक, आईच्या घरगुती मशीनवर शिवलं. चार पदरी कडेवर सुया मोडल्या. जिथं टीप चुकली तिथं उसवून पुन्हा शेजारीच मारली. भोकांच्या ओळींनी कड कमजोर झाली आणि फाटताना कापड त्याच ओळीवर फाटलं. रेक्झिनमध्ये तर सुईचं भोक कधीच बुजत नाही.

चौथी चूक, वेग. गाडी पळते तेव्हा टपावरून जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो आणि उघड्या बाजूंनी आत शिरलेली हवा कापड खालून वर ढकलते. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. गावात चाळीसच्या वेगानं नीट राहिलेला टप हमरस्त्यावर ऐंशीला राहीलच, असं नाही.

पुढच्या खेपेला मी धाराशिवमध्ये सीट आणि टप शिवणाऱ्या एका चाचांकडं गेलो. ते म्हणाले, माप तू घे, बसव तू, शिवण माझ्याकडं दे. ती वाटणी योग्य होती. तुम्हीही तशीच करा.

आधी कमानी उघड्या करा. गंज पॉलिश पेपरनं घासा, रेडऑक्साइड मारून वर रंग द्या आणि तो पूर्ण वाळू द्या. ओल्या रंगाला कापड चिकटतं. धारदार जागी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. सुती कापड घेतलं असेल, तर एक मीटरची पट्टी भिजवून, वाळवून पुन्हा मोजा. किती आखडतं ते कळेल. मग सगळं कापड तसंच भिजवून घ्या आणि मगच कापा. कापडावर आणि प्रत्येक कमानीवर खडूनं मध्यरेषा मारा.

शिवणाऱ्याला तीन गोष्टी आवर्जून सांगा. दोरा पॉलिएस्टरचा हवा, नायलॉन उन्हात लवकर कुजतो. टीप डबल, पण टाके फार जवळ नकोत. इंचाला पाच-सहा पुरतात. आणि जोडावर पुढचं कापड मागच्यावर चढलेलं असू द्या, म्हणजे वारं आणि पाणी दोन्ही वरून मागं सरकतात. आयलेटच्या जागी आतून कापडाचा एक जादा थर लावून घ्या.

बसवताना पुढची कड आधी अडकवा, मग मागची, बाजू शेवटी. समोरासमोरचे बंद थोडे थोडे आवळा. एक बाजू पूर्ण ओढली की मध्यरेषा सरकते. रेक्झिन असेल तर सकाळच्या कोवळ्या उन्हात तासभर पसरून ठेवा, ते मऊ होऊन नीट बसतं. जुळत नाही म्हणून पत्र्याला नवी भोकं पाडू नका, गंज तिथूनच धरतो. पारदर्शक खिडकीवरची धूळ कोरड्या फडक्यानं पुसू नका, आधी पाणी ओता. थिनर आणि रॉकेल तिच्या जवळही नेऊ नका.

कापडाऐवजी पत्र्याचा टप टाकायचा विचार असेल, तर आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. आणि २०२० पासूनच्या थारचा उघडझाप होणारा कापडी टप घरी शिवायच्या फंदात पडू नका. तो कंपनीच्याच मापाचा घ्या.

आमच्या जुन्या घराला माळवद आहे. मृगाआधी आजोबा त्यावर पांढरी माती टाकायचे आणि घागरभर पाणी ओतून आत येऊन तुळईखाली उभे राहायचे. मी आता टपाचंही तसंच करतो. खालून सुरू करून वरपर्यंत पाणी मारतो आणि आत बसून बघतो. खालून सुरू केलं की गळती नेमकी कोणत्या शिवणीत आहे ते कळतं.

त्यानंतर पाच किलोमीटर सावकाश चालवून थांबतो आणि पुढची कड दोन्ही हातांनी ओढून बघतो. पावसानंतर प्रत्येक वेळी पुन्हा बघतो. टप गळला तर आपण भिजू, तेवढं सोसता येतं. सुटला तर तो आपल्या मागून येणाऱ्याच्या अंगावर जातो, आणि त्याच्या टाकीवर एखादं लेकरू बसलेलं असू शकतं.