धुक्यातला राजगड करडा का येतो?

प्रश्न : नवा डीएसएलआर घेतला आहे. ऑटोवर भातलावणीच्या फोटोत हात पुसट येतात, धुक्यातला राजगड करडा दिसतो. मॅन्युअलची सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, मार्गासनी

उत्तर : शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ या तिन्ही सेटिंग्ज एकदम फिरवू नका. आधी शटर ठरवा. रोपं लावणारे हात भराभर चालतात, म्हणून १/५०० सेकंद. अ‍ॅपर्चर एफ/५.६ ठेवा. मग मीटरची खूण शून्यावर येईपर्यंत आयएसओ वाढवा. ढगाळ दुपारी तो ४०० ते ८०० च्या आसपास लागेल. वाढलेल्या आयएसओमुळे फोटोत थोडे दाणे दिसले तरी चालतील, हललेला फोटो मात्र सुधारता येत नाही.

राजगडाचं गणित वेगळं. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतं, त्यामुळे पांढरं धुकंही ते काळवंडवतं. इथे खूण शून्यावर न ठेवता अधिक एकवर न्या. गड हलत नाही, तेव्हा शटर १/१२५ पर्यंत उतरवून आयएसओ कमी करा. हिस्टोग्रामचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा, डोंगर उजव्या कडेला चिकटत नाही ना, एवढं पाहा.

सरावासाठी लावणीची एकच चौकट १/३०, १/१२५ आणि १/५०० वर टिपा, दर वेळी आयएसओ जुळवून; तो सर्वात कमी करूनही खूण शून्याच्या वर राहिली तर अ‍ॅपर्चर लहान करून. घरी तिन्ही फोटो मोठे करून शेजारी ठेवले की शटरचं काम कायमचं लक्षात राहील.