ब्रेकचें पेडल ताठ कां होतें ?



कर्जत व खालापूर येथील रहिवाशांस बोरघाटाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाहीं. १८३० सालीं या घाटांतून गाडीरस्ता खुला झाला, १८६३ सालीं लोहमार्ग झाला, आणि २००२ सालीं मुंबई-पुणें द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला. चढणीवर आगगाडीस कर्जतला जादा इंजिनें जोडितात हें आपण पाहतोंच. परंतु उतरणीवर वाहनाची सारी भिस्त ब्रेकवर असते. म्हणून मोटारीच्या ब्रेकचा एक दोष आज आपण अभ्यासूं.

गतवर्षीं एका स्नेह्यांच्या मोटारींतून मी खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरत होतों. "पेडल आठ दिवस जरा जड लागतें," असें ते निघतांनाच म्हणाले होते; परंतु कर्जतच्या सपाट रस्त्यावर त्यांचें कांहीं अडलें नव्हतें. घाटांतील एका मोठ्या वळणावर तें पेडल दगडासारखें ताठ झालें. त्यांनीं प्रसंगावधान राखून गाडी खालच्या गिअरमध्यें घातली, अंगाचा सारा भार पायावर दिला, आणि गाडी कशीबशी कडेस उभी राहिली. पुढें तपासणींत आढळलें तें इतकेंच कीं, रबराच्या एका नळीस बोटभर चीर पडली होती.

एवढ्याशा चिरेनें एवढें संकट कां यावें ? याचें उत्तर हवेच्या दाबांत आहे. आपण पेडल दाबतों तेव्हां मास्टर सिलिंडरमधील तेलावर दाब पडतो. कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांस सारखा पोंचतो, हा पास्कलचा नियम आपण वर्गांत शिकलांच आहां. त्या नियमानें तो दाब चारही चाकांशीं जातो. परंतु धांवत्या मोटारीस आंवरण्यास केवळ पायाचें बळ पुरत नाहीं. म्हणून पेडल व सिलिंडर यांच्यामध्यें बूस्टर नांवाचा पत्र्याचा चपटा डबा बसविलेला असतो. त्यांत रबराचा एक पडदा असतो. पेट्रोलचें इंजिन चालत असतां व अॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतां, इंजिन या डब्यांतील बरीचशी हवा एका नळीवाटे ओढून घेतें. पेडल दाबतांच पडद्याच्या मागील बाजूस बाहेरची हवा शिरते व पडद्यास पुढें ढकलते.

हें साहाय्य किती असतें, याचा हिशेब सोपा आहे. पडद्याचा व्यास २० सेंटिमीटर धरला तर त्याचें क्षेत्रफळ सुमारें ३१४ चौरस सेंटिमीटर होतें. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें १ किलो असतो. त्याच्या दोनतृतीयांश फरक पडला तरी पडद्यावर सुमारें २०० किलोंचा भार येतो. नळीस चीर पडली कीं हें सारें साहाय्य नाहींसें होतें. तेल, सिलिंडर व चाकांचे ब्रेक जागच्या जागीं असतात. मदतनीस मात्र गेलेला असतो. पूर्वीं आपल्या आगगाड्यांस निर्वात ब्रेक असत. त्यांची योजना याच्या उलट होती: नळींत हवा शिरली कीं ब्रेक आपोआप लागत. मोटारींत तसें होत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

आतां परीक्षा पाहूं. गाडी सपाट व मोकळ्या जागीं उभी करून हातब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्यें ठेवावा व चाकांस दगड लावावे. इंजिन बंद ठेवून पेडल पांच-सहा वेळां दाबावें. तें कठीण होईल. मग पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावें. पेडल किंचित् खालीं गेलें तर साहाय्य मिळत आहे. जागचें हललें नाहीं तर बूस्टर, नळी अथवा नळीवरील एकमार्गी झडप यांत दोष आहे. दुसरी परीक्षा: इंजिन एक-दोन मिनिटें चालवून बंद करावें व पांच मिनिटांनीं पेडल दाबावें. पहिली दाब मऊ लागून पुढील दाबा क्रमानें कठीण व्हाव्या. पहिलीच कठीण लागली तर सांठविलेला निर्वात टिकत नाहीं असें समजावें. इंजिन चालू असतां नळीजवळ अथवा पेडलपाशीं सूं-सूं असा आवाज आला, किंवा इंजिन अडखळत चाललें, तर हवा गळत असल्याचा संशय घ्यावा.

नळी चिरली असेल तर त्याच कामाची नवी नळी घालावी. पाण्याची साधी नळी आंतून चिकटून बसते. झडप काढून फुंकून पाहावी: बूस्टरच्या बाजूनें फुंकर पार जावी, इंजिनाच्या बाजूनें जाऊं नये. पडदा फाटला असेल तर बूस्टर बदलणें हें मिस्त्रीचें काम आहे. डिझेल गाडींत निर्वातासाठीं बहुधा निराळा पंप असतो, तोही तपासावा. परीक्षेंत साहाय्य ठीक आढळलें व पेडल तरीही जड असलें, तर चाकाकडे पाहावें. आपल्या कोंकणच्या पावसांत पिस्टन व सरकत्या पिना गंजून अडकतात. तेव्हां तें चाक इतरांहून अधिक तापतें. तेलाच्या डबींत चुकून इंजिनाचें तेल पडलें तर रबरी भाग फुगतात, व ते सर्व बदलावे लागतात. पेडल ताठ न होतां मऊ पडून खालीं जात असेल, तर तो रोग वेगळा. त्यांत तेलाची गळती किंवा तेलांत हवा असण्याचा संभव असतो.

पालकांस एक विनंती आहे. इंधन वांचविण्यासाठीं घाट उतरतांना इंजिन कधींही बंद करूं नये. बूस्टरमधील सांठा दोन-तीन दाबांतच संपतो. गाडी न्यूट्रलमध्येंही सोडूं नये. खालच्या गिअरनें उतरावें. वाटेंत पेडल ताठ झालेंच तर तें वारंवार दाबूं नये, कारण प्रत्येक दाबेनें उरलासुरला सांठाही जातो. सर्व बळानें एकदां दाबून धरावें, गिअर एकेक पायरी खालीं आणावा, आणि हातब्रेक हळूहळू ओढावा.

आमच्या स्नेह्यांच्या गाडीनें आठ दिवस सूचना दिली होती. सपाट रस्त्यावर तिची किंमत कळली नाहीं, ती घाटांत कळली. पेडल जड लागल्याच्या दिवशींच त्यांनीं इंजिनाचें झांकण उघडलें असतें, तर थोड्याशा खर्चांत काम झालें असतें. मुलांनो, आज घरीं गेल्यावर आपल्या वडिलांस इतकेंच विचारा कीं, "ब्रेकचें पेडल हल्लीं कसें लागतें ?"