हेत्वाभास

एका गावात पटकीची साथ आली. गावकरी चावडीवर जमले. एक तरुण म्हणाला, "नाल्याचे पाणी विहिरीत झिरपत असावे. विहिरीचे पाणी उकळून प्यावे."

त्यावर एक वृद्ध गृहस्थ उद्गारले, "माझे वडील जन्मभर याच विहिरीचे पाणी प्याले आणि नव्वद वर्षे जगले. तेव्हा पाण्यात दोष नाही!" दुसरे म्हणाले, "कालच्या पोराने आम्हांस शिकवावे काय?" लोक हसले व सभा उठली. विहिरीत पूर्वीप्रमाणेच घागरी बुडू लागल्या.

मुलांनो, या दोन्ही उत्तरांत कारण दिलेले आहे. पण ते खरे कारण आहे काय? जे कारणासारखे भासते, पण कारण नसते, त्यास आपल्या न्यायशास्त्रात 'हेत्वाभास' म्हणतात. हेतू म्हणजे कारण. गौतमांच्या न्यायसूत्रांत हेत्वाभासाचे 5 प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी पहिला 'सव्यभिचार'.

डोंगरावर धूर दिसला, की तेथे अग्नी आहे असे आपण अनुमान करतो. ते योग्यच आहे. कारण अग्नीवाचून धूर नसतो. परंतु 'अग्नी आहे, म्हणून धूर असलाच पाहिजे' असे म्हणता येईल काय? लोहाराने भट्टीतून काढलेला लोखंडाचा लालबुंद गोळा पाहा. त्यात अग्नी आहे. धूर मात्र नाही. जो हेतू असा कधी साथ देतो व कधी सोडून जातो, तो सव्यभिचार होय.

वृद्धांचा हेतू असाच आहे. दूषित पाणी पिऊनही एखादा मनुष्य वाचतो. शिवाय वडिलांच्या काळचे पाणी आजच्यासारखेच होते कशावरून? दुसऱ्या गृहस्थांनी तर पाणी सोडून बोलणाऱ्याचे वयच मोजले!

मात्र येथेच सावध राहिले पाहिजे. वृद्धांचा हेतू चुकला, एवढ्यावरून विहीर दूषित आहे असे सिद्ध होत नाही. तरुणाचे म्हणणेही तपासावेच लागेल. त्यासाठी पाण्याचीच परीक्षा हवी.

सत्य जाणण्यासाठी केलेल्या चर्चेस गौतमांनी 'वाद' म्हटले आहे. केवळ जिंकण्यासाठी केलेला तो 'जल्प'. चावडीवर जल्प जिंकला. पण विहिरीचे पाणी कसे आहे, हे कोणासच कळले नाही. म्हणून दुसऱ्याचा हेत्वाभास शोधण्यापूर्वी स्वतःस विचारावे, "माझे कारण खरे आहे, की मला तसे भासते आहे?"

स्वाध्याय
1. वृद्ध गृहस्थांच्या हेतूत कोणता दोष आहे?
2. 'वाद' व 'जल्प' यांतील भेद सांगा.
3. तुम्ही ऐकलेला एखादा हेत्वाभास लिहा.