जलतरंग वाजवणारी चिप

विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्ही स्वयंचलित जलतरंग करायला घेतले आहे, असे समजा. सात वाट्या आणि प्रत्येकीजवळ एक सॉलेनॉइड, म्हणजे नालकुंतल. वेटोळ्यातून विद्युतधारा गेली, की लोखंडी दांडी सरकते आणि वाटीवर टोला पडतो. टोल्यांचा क्रम मायक्रोकंट्रोलर ठरवतो. मग वेटोळी सरळ त्याच्या पिनांनाच जोडली तर?

तसे मुळीच करू नका! आधी थोडे गणित करू. वेटोळ्याचा रोध २४ ओहम आणि विभवांतर १२ व्होल्ट असेल, तर ओहमच्या नियमाने धारा ०.५ अँपिअर, म्हणजे ५०० मिलिअँपिअर येते. ‘अर्डुइनो उनो’वरील एटीमेगा ३२८ चिपच्या एका पिनेची कमाल मर्यादा अवघी ४० मिलिअँपिअर आहे.

येथे ट्रान्झिस्टर मदतीला येतो. धरणाचा दरवाजा एक माणूस चाक फिरवून उघडतो. पण वाहते ते धरणातले पाणी! तसेच चिपने फक्त दरवाजा उघडायचा. पिन १००० ओहमच्या रोधकातून ‘टीआयपी १२०’ ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडा. सॉलेनॉइड १२ व्होल्टचे धन टोक व कलेक्टर यांच्यामध्ये ठेवा. एमिटर ऋण टोकाला जोडा. आता पिनेतून जेमतेम ४ मिलिअँपिअर धारा जाते. चिपचे आणि १२ व्होल्ट पुरवठ्याचे ऋण टोक एकत्र जोडायला विसरू नका; नाहीतर बेसचा परिपथ पूर्णच होणार नाही.

एक शत्रू अजून उरला. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवले, की चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात विभवांतर निर्माण होते. आपल्या वेटोळ्याचे प्रवर्तकत्व ५० मिलिहेन्री असेल आणि ०.५ अँपिअर धारा ०.१ मिलिसेकंदात थांबली, तर हे विभवांतर २५० व्होल्ट होईल! ट्रान्झिस्टर ते सोसणार नाही. म्हणून प्रत्येक वेटोळ्याला समांतर एक डायोड (१एन४००७) लावा. त्याचे पट्टीचे टोक धन बाजूला हवे. धारा मग त्यातून फिरून हळूहळू विरते.

सातही टोले एकदम पडले, तर ३.५ अँपिअर लागतील. एकामागून एक पडले, तर ०.५ पुरे. मग एका वेळी दोनच टोले पडणार असतील, तर किती? उत्तर तुम्हीच काढा, आणि मगच विद्युतपुरवठा विकत घ्या!